उरलेला रंग

उरलेली वस्तू टाकवत नाही, हा आमच्या घराण्याचा जुना दोष. गेल्या दिवाळीआधी हिमायतनगरच्या घराचा माळा आवरताना पत्र्याचा एक डबा हाती लागला. झाकणावर वडिलांच्या अक्षरात ‘माजघराचे दार, 1998’ एवढेच. त्या साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले होते. तेव्हाचा हा पोपटी ऑइलपेंट. वडील गेले त्याला नऊ वर्षे झाली. डबा मात्र अर्धा भरलेला होता. त्याच रंगाने तेच दार पुन्हा रंगवावे, असे आमच्या मनाने घेतले.

रंगाऱ्याने झाकण उचकटले. वर चामड्यासारखी जाड साय धरली होती. आम्ही ती काठीने ढवळणार, तोच तो म्हणाला, “थांबा सर, गुठळ्या होतील. रंग मेला नाही, पांघरूण घेऊन झोपलाय.” त्याने सुरीने कडेकडेने कापून साय अखंड उचलली. खाली तपकिरी तेल तरंगत होते आणि तळाशी गाळासारखा रंग बसला होता. तळापासून ढवळून, थोडे टर्पेंटाइन घालून त्याने तो जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला आणि एका फळीवर हात मारला. “वाळतोय का बघू, मग दाराला लावू.”

जवसाची चटणी खाणाऱ्या आमच्या मुलखाला या रसायनाचे मर्म कळायला हरकत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. ऑइलपेंटही तसाच वाळतो. डब्यात कोंडलेल्या हवेने वरची साय धरली आणि त्या सायीनेच खालचा रंग राखला. पाण्यात कालवायचा रंग असता, तर एव्हाना नासून त्याला कुबट वास सुटला असता. आमची फळी वाळायला मात्र तीन दिवस लागले. रंग लवकर वाळावा म्हणून घातलेली द्रव्ये साठवणीत मंदावतात.

चौथ्या दिवशी आम्ही ब्रश मागवला, तेव्हा सूनबाईंनी हळूच विचारले, “बाबा, यात शिसे असेल का हो?” नातीला दात येत होते आणि माजघराच्या चौकटीला धरून उभी राहत ती तिथेच तोंड लावी.

आम्ही निरुत्तर झालो. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधी पिवळ्या, केशरी, हिरव्या झळाळत्या छटांसाठी शिशाची संयुगे सर्रास वापरत. आमच्या डब्यात ती होती की नाही, हे डोळ्यांना दिसणारे नव्हते. आणि शिशाने लेकराच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. तशी शिसे आणि तेल ही जोडी आपल्याकडे जुनीच. मारुतीचा शेंदूर परंपरेने शिशाचाच, तेलात कालवलेला. त्याला आपण हात जोडतो. चाटायला मात्र कुणी देत नाही.

डबा नाकारता आला, पण दार नाकारता येईना. तोच रंग सत्तावीस वर्षे दारावर होताच. आमच्या गावाच्या हिमायतनगर या नावाखाली जुने वाढोणा नांदते, तसा नव्या रंगाखाली तो राहणारच होता. रंगाऱ्याने कोरडा पॉलिशपेपर दूर ठेवला, कारण खरी धास्ती घासताना उडणाऱ्या धुळीची. त्याने ओल्या फडक्याने दार पुसले, सुटलेले पोपडे पाणी शिंपडून काढून कागदात गुंडाळले आणि नव्या डब्यातला पोपटी रंग दोन हात दिला. चौकटीचा खालचा, नातीच्या तोंडाच्या उंचीचा भाग पातळ फळीने झाकून टाकला. हे होईतो नात आजोळी होती.

साहित्य शिकवताना ‘परंपरा जिवंत आहे’ हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, आणि जिवंत म्हणजे निर्धोक असेच गृहीत धरले. वडिलांनी प्रेमाने राखलेला रंग जिवंत होता, म्हणून तर त्याची भीती.

तो गटारात ओतणे बरे नव्हे. डबा घट्ट मिटून आम्ही पुन्हा माळ्यावर ठेवला. वडिलांच्या अक्षराखाली आमच्या अक्षरात आता आणखी एक ओळ आहे : ‘लावू नये.’