पोकळीची राखण

आमच्या साक्री तालुक्यात वैशाखात माठातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट लागतं. त्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, आप्पांच्या दवाखान्यात उणे १९६ अंशांचं थंड काहीतरी कायम असायचं. आप्पा पशुधन पर्यवेक्षक होते. गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. त्यासाठीचं ॲल्युमिनियमचं, अरुंद गळ्याचं भांडं टेबलाखाली असे. सगळे त्याला कंटेनर म्हणत. आप्पा त्यात लाकडी पट्टी बुडवत, बाहेर काढून हवेत हलवत, आणि पट्टीवर जिथवर पांढरं हिव चढे तिथवर नायट्रोजन शिल्लक आहे असं समजायचं. मोजमापाची इतकी सुबक रीत मी पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिली नाही.

एका उन्हाळ्यात त्या भांड्याला बाहेरून घाम फुटला. मग गळ्याभोवती बर्फ धरला. पुढची गाडी येण्याआधीच नायट्रोजन उडून गेला आणि आतल्या सगळ्या कांड्या वाया गेल्या. भांड्याला ना चीर होती ना पोचा. आप्पा एवढंच म्हणाले, "व्हॅक्यूम गेला." दारात गाय घेऊन उभा असलेला शेतकरी विचारत होता, "आते काय करानं, डॉक्टर?" करण्यासारखं काही नव्हतं. गाय पुन्हा माजावर यायला २१ दिवस लागतात, आणि दुधावर घर चालवणाऱ्याला ते २१ दिवस फार जड जातात.

त्या रात्री आप्पांनी मला भांड्याची रचना समजावली. एकात एक दोन भिंती, आणि मधली हवा काढून टाकलेली. हवाच नाही, तर बाहेरची उष्णता आत वाहून नेणार कोण? भांड्यात थंडी तयार होत नाही. आणलेली थंडी ती पोकळी राखते. ही युक्ती जेम्स देवार यांची. १८९२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये द्रवरूप वायू टिकवण्यासाठी त्यांनी असं भांडं केलं, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढे त्याच कल्पनेवर दुसऱ्यांनी घरोघरचे थर्मास विकले.

एम.एस्सी.ला मी जळगावला आले. विद्यापीठ बांभोरीजवळ, गिरणेकाठच्या माळावर. तिथे पुस्तकातून व्हॅक्यूम शिकले खरी, पण त्याचं मर्म कळलं ते शहरातल्या एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या दुकानापुढे रांग लागलेली असे. कारागीर कॉम्प्रेसर बदलायचा, सांधे जोडायचा आणि मग लगेच गॅस न भरता आधी नळ्यांमधून "व्हॅक्यूम मारायचा". गेजचा काटा पार खाली टेकला तरी पंप चालूच. आता कशाची वाट पाहता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "हवा गेली. पाणी अजून आहे."

नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेली ओल दिसत नाही. दाब उतरला की ती हळूहळू सुटते, वाफ होते आणि पंपावाटे निघून जाते. ती राहिली तर केसाएवढ्या कॅपिलरीत बर्फ होऊन बसते आणि लाइन चोक होते. पंप किती वेळ चालवायचा ते गेजवर नाही, त्या ओलीवर ठरतं, हे मला त्या दुकानात समजलं. ज्या मुलखात टँकरमागे घागरी घेऊन पळणाऱ्या बायका मी पाहिल्या, तिथला एक माणूस पाण्याचा शेवटचा अंश हुसकावण्यासाठी तासभर थांबतो, ही गोष्ट मला तेव्हा फार लागली. आजही लागते.

पुढे पुण्यात खगोलशास्त्रीय कॅमेऱ्यांच्या कामात शिरले, तेव्हा आप्पांचं आणि त्या कारागिराचं, अशी दोन्ही ज्ञानं एका यंत्रात भेटली. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचं काळीज म्हणजे सिलिकॉनची सीसीडी चकती. ही कल्पना १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली. त्यासाठी २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. प्रकाशाचा कण पडला की चकतीत इलेक्ट्रॉन सुटतो. पण अडचण अशी की नुसत्या उष्णतेनंही इलेक्ट्रॉन सुटतात, अंधारातही. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश तासभर साठवायचा, तर या खोट्या इलेक्ट्रॉनांत खरे बुडून जातात. तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरलं की खोटे निम्मे होतात. म्हणून चकती उणे शंभर अंशांच्याही खाली न्यायची, द्रव नायट्रोजनच्या साहाय्यानं. आणि एवढ्या थंड चकतीला साधी हवा लागली तर तिच्यावर क्षणात हिव चढेल. म्हणून तिला पोकळीत ठेवायचं.

त्या कॅमेऱ्याच्या भांड्यालाही देवारच म्हणतात. ते बंद करण्याआधी प्रत्येक भाग अल्कोहोलनं पुसायचा, हातमोजे घालूनच. बोटाचा एक ठसा आत राहिला, तर त्यातला तेलकटपणा महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतो. रबरी ओ-रिंगवर आडवा पडलेला एक केस भिंगातून शोधायचा, कारण तेवढ्या फटीतून हवा आत येते. मग रोटरी पंप सुरू. त्याची घरघर सुरुवातीला जड असते, हवा संपत आली की सूर हलका होतो. त्यानंतर टर्बो पंप. त्याची पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि चुकार रेणूंना एकेक करून बाहेर ढकलतात. गेजवरचा आकडा आधी भराभर उतरतो, नंतर तासन्‌तास रेंगाळतो. जळगावच्या त्या कारागिराचं वाक्य इथेही लागू: भांड्यात मागे उरलेला वायू बहुतेक पाण्याची वाफच असतो. दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागावर आला तरी दर घन सेंटिमीटरमध्ये दोन हजार कोटींहून जास्त रेणू उरतातच. संपूर्ण रितं भांडं माणसाला साधलेलं नाही.

मग झडप बंद करून नायट्रोजन ओतायचा. आत झिओलाइट किंवा कोळशाची एक लहानशी डबी असते. ती आधी गार होते आणि उरलेले रेणू स्वतःकडे ओढून घेते. चकतीपेक्षा ती जास्त थंड राहील अशीच मांडणी असते, म्हणजे हिव धरायचंच तर तिच्यावर धरेल. पण भांडं कधी परत गरम झालं, की डबी सगळं गिळलेलं सोडून देते. तेव्हा पंप पुन्हा लावायचा.

पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, आंबेगाव तालुक्यात गिरावलीच्या टेकडीवर आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ पासूनची. मी आप्पांना एकदा ती दाखवायला नेलं. घुमट, आरसा सगळं त्यांनी आदरानं पाहिलं, पण थांबले ते कॅमेऱ्याचं भांडं दिसल्यावर. असल्या भांड्यात रोज नायट्रोजन भरावा लागतो म्हटल्यावर त्यांचा प्रश्न आला, "माझा कंटेनर महिना-दोन महिने जायचा. तुमचा दिवसात कसा संपतो?" इतका नेमका प्रश्न मला कुणा पाहुण्यानं विचारला नव्हता. कॅमेऱ्याला काचेची खिडकी ठेवावीच लागते, तिच्यातून प्रकाशाबरोबर उष्णताही येते. चकतीच्या तारा बाहेर काढाव्या लागतात, त्यांतूनही ती आत शिरते. आप्पा विचार करून म्हणाले, "म्हणजे तुमच्या भांड्याला बघावं लागतं. माझ्याला नुसतं सांभाळायचं होतं."

सांभाळणं म्हटलं की मला चाळीसगावजवळचं पाटण आठवतं. तिथे आम्ही सगळे अभिमानानं जातो, भास्कराचार्यांचं गाव म्हणून. पण तिथला शिलालेख आहे तो त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाबद्दल: इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. आजोबांचे ग्रंथ शिकवले जात राहावेत म्हणून तो मठ, आणि त्याच्या खर्चासाठी दिलेली देणगी. ग्रंथ रचणाऱ्याइतकंच तो शिकवत ठेवणाऱ्याचं मोल कुणीतरी दगडात कोरून ठेवलं, याचं मला फार अप्रूप आहे. आज आपल्याकडे यंत्र खरेदीला पैसा मिळतो. पंपाचं तेल, ओ-रिंगा, गेज यांच्यासाठी तो मिळवताना जीव जातो. खानदेशातल्या कॉलेजांत बंद पडलेले रोटरी पंप मी पाहिले आहेत. तेल बदललं आणि पट्टा घातला तर त्यातले कितीतरी चालतील, आणि मुलांना हवा संपत आल्यावरचा तो हलका सूर कानानं ऐकायला मिळेल.

पावसाळ्यात आमच्याकडच्या दुर्बिणी मिटलेल्या असतात. ढग असतात, आणि हवेत ओल. कॅमेरा सावकाश गरम होऊ द्यायचा, झिओलाइट भाजून घ्यायचा, ओ-रिंगा पुसून बसवायच्या, पंप लावायचा हे सगळं त्याच दिवसांत. काम उरकलं की झाकण बंद ठेवून अंधाराचाच फोटो घेतात, आणि नीट थंड झालेल्या चकतीच्या एका टिंबात, म्हणजे पिक्सेलमध्ये, तासाभरात खोटे इलेक्ट्रॉन जेमतेम दोन-चार निघतात. जास्त निघाले, तर भांडं परत पंपावर.