ऑनलाइन वर्गातील चर्चा : एक अनुभव

मार्च २०२० मधील टाळेबंदीने महाविद्यालयांचे वर्ग पडद्यावर आणले, तेव्हा व्याख्यान त्या माध्यमात सहज सामावले. चर्चा मात्र बाहेरच राहिली. टाळेबंदी सरली, तरी हा प्रश्न सरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे ऑनलाइन पूर्ण करण्यास मुभा दिली. ऑनलाइन चर्चेकडे केवळ आपद्धर्म म्हणून पाहता येणार नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

मी राहतो ते नांदे हे मुळशी तालुक्यातील गाव वाढत्या पुणे शहराला जवळचे. पण याच तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ वस्त्यांत मोबाइलची रेंज आजही बेभरवशाची असते. टाळेबंदीत माझ्या एम. ए.च्या वर्गातील काही विद्यार्थी तेथूनच उपस्थित असत. घरात एकच फोन आणि त्यावर धाकट्या भावंडाचीही शाळा. अशा वर्गातील मौनाला औदासीन्य म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या मौनाचे एक कारण साधनांच्या अभावात होते, तर दुसरे प्रश्नाच्या स्वरूपात. ज्याचे उत्तर शिक्षकाजवळ तयार आहे, अशा प्रश्नावर बोलणे म्हणजे चर्चा नव्हे, तोंडी परीक्षा होय. समोरासमोरच्या वर्गात शिक्षकाची नजर आणि मित्रांची कुजबुज ही उणीव झाकून नेतात. पडद्यावर ती उघडी पडते.

लोकसाहित्य शिकवताना याचा विशेष प्रत्यय आला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत मुळशीतील स्त्रियांच्याही ओव्या आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हे संकलन क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आले आहे. विद्यार्थ्यांनी तेथील एक ओवी ऐकावी, घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रीला ऐकवावी, आणि ‘अशी ओवी तुम्ही कधी, कोणासाठी गात होता?’ एवढेच विचारावे, असे ठरले. उत्तर दोन दिवसांत, लिहून किंवा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवायचे. पाच-पाच जणांच्या गटात एकाने शंका काढायच्या, एकाने सारांश मांडायचा. तासाचा वेळ केवळ मतभेदांसाठी राखून ठेवला.

वर्गात क्वचितच बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने आजीचा आवाज पाठवला. भावाचे कौतुक आपण सासूच्या कानावर पडावे म्हणून गात असू, असे आजीचे म्हणणे होते. ओवी हा स्त्रीचा आत्माविष्कार, हे पाठ्यपुस्तकी विधान त्यामुळे वादात सापडले. पलीकडच्या खोलीत श्रोता असेल, तर तो आविष्कार की सूचक संभाषण? वर्गात दोन तट पडले. या प्रश्नाचे तयार उत्तर माझ्याजवळही नव्हते, आणि चर्चा रंगली ती नेमकी त्यामुळेच.

मराठी गद्याला हे अपरिचित नाही. ‘लीळाचरित्रा’तील महदंबा चक्रधरांना चिकाटीने प्रश्न विचारते आणि तिच्या जिज्ञासेमुळे निरूपणाला वाट मिळते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादरूपात लिहिला. विचारणाऱ्याला येथे मान आहे.

अर्थात, प्रत्येक नोंदीला गुण देऊ लागलो की विद्यार्थी पुन्हा परीक्षेच्याच भाषेत लिहू लागतात. म्हणून शिक्षकाने प्रत्येक नोंद वाचावी, परंतु निर्णय देण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारावा. उशिरा आलेल्या उत्तरालाही जागा ठेवावी. कारण ज्याला रेंजसाठी टेकडी चढावी लागते, त्याचे म्हणणे बहुधा शेवटी पोहोचते. तंत्रज्ञानाची निवड ही दुय्यम बाब होय. विद्यार्थ्याजवळ असलेले आणि आपल्याजवळ नसलेले काहीतरी आपल्याला खरोखर हवे आहे, ही खात्री त्याला पटली की तो बोलतो.