जागच्या जागी चालताना

पावसाची झड लागली की आमच्या घरात पहिली गदा येते ती चालण्यावर. पर्वतीच्या पायऱ्या निसरड्या होतात, टेकडीवरच्या पायवाटा चिखलात लोपतात, आणि पदपथ जिथे शिल्लक आहेत तिथे दुचाक्या आधीच चढून बसलेल्या असतात. मग जेवणाच्या टेबलावर 'ट्रेडमिल घेऊ या का' हा विषय निघतो; आणि जिच्यासाठी तो निघतो ती आई, मेथी निवडता निवडता, आपण त्या गावच्याच नाही असा चेहरा करून बसते.

दुकानात ही यंत्रं ओळीने उभी असतात. नव्या रबराचा उग्र वास, एसीचा गारवा आणि चालू ठेवलेल्या एखाद्या पट्ट्याची संथ घरघर. विक्रेता अश्वशक्तीचे आकडे सांगत राहतो. त्यातला मोठा आकडा बहुधा 'पीक'चा, म्हणजे मोटरने क्षणभर गाठायचा. खरा पाहायचा तो 'कंटिन्युअस'चा, जो ती न थकता पेलते. माणसांच्या बाबतीत हा फरक कुणी छापून देत नाही. नुसतं चालायचं तर २ ते २.५ अश्वशक्ती पुरते, धावणाऱ्याला ३च्या आसपास हवी. पट्टाही चालणाऱ्याला ५० इंच लांबीचा निभतो, लांब टांगा टाकत धावणाऱ्याला ६०चा लागतो.

सरकणाऱ्या पट्ट्याकडे पाहताना मन भलतीकडेच गेलं. हे यंत्र मुळात तुरुंगातलं. १८१८च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचं फिरतं चाक काढलं. तासन्‌तास चढत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. कुठे त्यावर धान्य दळलं जाई, कुठे पाणी उपसलं जाई, आणि कुठे ते नुसतंच फिरे, श्रम निष्फळ आहेत हे कैद्याला कळावं म्हणून की काय. अंदमानच्या कोलूच्या हकिकती वाचत वाढलेल्या मराठी मनाला ती शिक्षा वेगळी समजावून द्यायला नको. इंग्लंडने १८९८च्या कायद्याने ती थांबवली; विसाव्या शतकात पायांखालचा पट्टा मात्र डॉक्टरांच्या हाती आला.

तिथे त्याला रॉबर्ट ब्रूस या अमेरिकी हृदयतज्ज्ञाने शिस्त लावली. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवत न्यायचा आणि हृदय काय म्हणतं ते आलेखावर वाचायचं. आपल्यातल्या पुष्कळांची ट्रेडमिलशी पहिली गाठ पडते ती या टीएमटीच्या खोलीतच: छातीला चिकटवलेले इलेक्ट्रोड, कमरेपाशी लोंबणाऱ्या वायरी, आणि 'काका, दम लागला तर लगेच सांगा हं' म्हणणारी टेक्निशियन मुलगी. बाबांच्या तपासणीच्या वेळी आई बाहेरच्या बाकावर बसून ती घरघर ऐकत होती. दर ३ मिनिटांनी आवाज चढायचा. आता कळतं, तिचा नकार यंत्राला नव्हताच.

मग आम्ही वेगाचा विचार सोडून दिला. दोन्ही बाजूंना लांबवर हातांनी धरता येतील असे कठडे, जमिनीपासून फार उंच नसलेला पट्टा, चष्म्याशिवाय सापडेल असं लाल बटण, आणि सुरुवात ताशी १ किलोमीटरच्याही खालून. एवढंच पाहत गेलो. घरी जागा मोजताना पंख्याची पाती आडवी आली, कारण पट्ट्यावर उभं राहिलं की माणूस वीतभर वाढतो. शिवाय मागे पाचसहा फूट मोकळे हवेत, पाय चुकला तर भिंत नको. खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी जाड रबरी मॅट आली, आणि पट्ट्याखाली अधूनमधून सोडायला सिलिकॉन तेलाची बाटली.

सेफ्टी कीची दोरी कपड्याला अडकवायची असते. ती खेचली गेली की पट्टा थांबतो. आईने पदर घट्ट खोचला, चिमटा कुठे लावावा म्हणून दोनदा हात फिरवला, आणि कमरेशी निऱ्यांच्या वर तो लावून टाकला. "वाढवू नकोस," म्हणाली. वेगाचा आकडा आजही तिथेच आहे.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर न्या. त्याला सावकाश पट्ट्यावर चढू द्या, आणि तेवढा वेळ विक्रेत्याला बोलू देऊ नका.