काळा धूर

नागपूरच्या गांधीबागेत एक बागही आहे, हे खुद्द नागपूरकरांना आठवावे लागते. आठवते ते कापड. ठोक बाजारातले तागे, सुतळीने आवळलेले गठ्ठे, हातगाड्या, आणि 'बाजूला व्हा जी' म्हणत वाट काढणारे हमाल. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर सेंट चार्ल्स सेमिनरीत ईशज्ञानाचे शेवटचे वर्ष पुरे करीत असताना दर रविवारी आम्ही ह्या गर्दीतून जात असू. डीकन म्हणून घरोघरच्या आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर नेऊन देण्याचे काम आमच्याकडे होते. बाजारामागच्या एका बोळात, कापडाच्या गुदामावरच्या दोन खोल्यांत, एक निवृत्त इंजिनड्रायव्हर लेकीजवळ राहत. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू.

बाबांची सारी नोकरी मूर्तिजापूर-यवतमाळ ह्या अरुंद मार्गावर झाली होती. आधी फायरमन, मग ड्रायव्हर. ख्रिस्तशरीर स्वीकारून, डोळे मिटून प्रार्थना झाली की ते पहिला शब्द बोलत तो बहुधा इंजिनाविषयी. १९९४ च्या आरंभी तिथे डिझेल येणार अशी कुणकुण त्यांच्या कानी आली. त्या रविवारी ते म्हणाले, "ब्रदर, तीस वर्षं तिच्यासंगं काढली, पण एक फोटो नाही जी माझ्यापाशी. जाण्याआधी तिचा एक फोटो आणून द्याल?"

'ती' म्हणजे शकुंतला. हे नाव लोकांनी दिलेले. हा लोहमार्ग किलिक निक्सन ह्या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातला. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर, पुढे अचलपूरपर्यंत आणखी ७६. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, पण हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला आणि रेल्वेखाते त्यावर मोबदला देऊन गाडी चालवीत राहिले. ओढणारे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले, १९२३ पासून सेवेत. यवतमाळचा कापूस ह्या गाडीने मूर्तिजापूरला येई, तेथून मोठ्या गाडीने मुंबईला, आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला. मँचेस्टरने कापूस घेतला, इंजिन पाठविले आणि कापडही पाठविले. ते कापड ज्या बाजारांत उलगडले गेले तसल्याच एका बाजारावर बाबांची खिडकी उघडत होती. त्यांना स्वतःला ह्याचे नवल कधी वाटले नाही. ते आम्हांलाच वाटे.

खालच्या गुदामाचे मालक, ज्यांना सारा बोळ भाऊ म्हणे, छायाचित्रणाचे वेडे होते. त्यांच्याकडे यशिका कॅमेरा होता, फियाट गाडी होती, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली इंग्रजी मासिके होती. ब्रिटनच्या रेल्वेतून १९६८ साली वाफेची इंजिने गेली; तेव्हापासून तिकडचे हौशी लोक आपल्या देशात येऊन उरलेल्या इंजिनांची छायाचित्रे काढीत फिरत. मासिकातल्या त्या चित्रांत आकाश व्यापणारा काळाकुट्ट धूर असे. भाऊंच्या मनात तोच धूर भरला होता. खोटे कशाला बोला, आमच्याही.

मार्च महिना, उपवासकाळ चालू. एका शनिवारची परवानगी रेक्टरांकडून मिळवून आम्ही दोघे मध्यरात्रीनंतर निघालो, आणि अमरावतीवरून मूर्तिजापूर गाठले. इंजिन प्रथम पाहिले तेव्हा ते अपेक्षेपेक्षा लहान वाटले. जवळ गेल्यावर त्याची ऊब अंगाला लागली, आणि मग मात्र ते लहान वाटेना.

मोटारीने आगगाडीचा पाठलाग म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले दृश्य येईल. प्रत्यक्षात तो पाठलाग नव्हेच. शकुंतलेचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. तिला मागे टाकायला फियाटला दोन मिनिटे पुरत. मग पुढच्या फाटकाशी, नाल्यावरच्या पुलाशी, कुठे बांधावर उभे राहून वाट पाहायची. दिवसभर आम्ही वाटच पाहिली. शेतांत वेचणी झालेल्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. पळस फुलला होता. आधी रूळ बारीक कुरकुरत, मग शिटी, मग धापा टाकीत ती येई. डब्यांच्या दारांतून पोरे हात हलवीत. आणि ती निघून गेल्यावर कोळशाचा वास बराच वेळ शेतावर रेंगाळे. भाऊ कॅमेरा खाली घेत आणि म्हणत, "धूर नाही पडला, ब्रदर."

कारंज्याला गाडी थांबली असताना भाऊ इंजिनाजवळ गेले. फायरमन तरुण होता. डोक्याला गमछा, दात तेवढे पांढरे. भाऊंनी विडीचे बंडल आणि वीस रुपयांची नोट पुढे केली. "पुढच्या वळणावर जरा काळा धूर सोडता का?" तो हसला. "पायजे तेवढा सोडतो जी." ड्रायव्हरने मान दुसरीकडे वळविली. आम्ही शेजारीच उभे होतो. वळणावर धूर सुटला तेव्हा आमच्या तोंडून 'वा!' निघून गेले. दारव्ह्याच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा, असा आणखी दोन वेळा तो सुटला.

दारव्ह्यापुढे यवतमाळच्या पठाराकडे चढण लागते. तिथे, स्थानक नसताना, गाडी उभी राहिली. आम्हांला ते आमचे भाग्य वाटले. उभी गाडी, उतरते ऊन, पळसाची रांग. आम्ही सात छायाचित्रे घेतली. लोक खाली उतरून कडुनिंबाच्या सावलीत बसले. मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेल्या एका बाईने विचारले, "यवतमाळ अजून किती लांब हाय, दादा?" तिची लेक सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती आणि डब्यात तिचे जेवण होते. "निघेलच आता," भाऊ म्हणाले. पाऊण तासाने गाडी निघाली. फियाटची मागची बैठक रिकामी होती, हे त्या वेळी आम्हां दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आले नाही.

रोल धुऊन आला. छत्तीस छायाचित्रे घेऊन आम्ही रविवारी बोळ चढलो, भाऊही आले. बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. भिंग लावून एकेक चित्र ते खिडकीच्या उजेडात धरीत. पहिल्या दहा-बारांना नुसते 'हं' म्हणाले. मग कारंज्याच्या वळणाचे चित्र आले, सर्वांत सुंदर. ते त्यांनी बराच वेळ धरले.

"हा धूर कोणी मागितला?"

भाऊंनी हसून सांगितले. बाबा हसले नाहीत.

"ब्रदर, काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. भट्टीत एकदम पाच-सहा फावडी कोंबली की खालचा निखारा दबतो, हवा पुरत नाही. धूर दिसतो मस्त, पण दाबाचा काटा खाली येतो. चांगल्या फायरमनचा धूर दिसतच नाही. थोडं टाकायचं, पसरून टाकायचं, पुनःपुन्हा टाकायचं. मला साहेबानं एकदा काळ्या धुरासाठी दंड केला होता." पुढची दोन चित्रे त्यांनी जोडीने ठेविली. "तीनदा मागितला." मग चढणीवरचे चित्र आले. भिंग त्यावर हळूहळू फिरले आणि कडुनिंबाखाली थांबले.

"ही बाई खाली काहून बसली? इथं तर स्टेशन नाही."

आम्ही गप्प. त्यांना उत्तर नकोच होते.

"वाफ बसली. मग त्या पोरानं आग मोडून पुन्हा लावली असंन. भर उन्हात." जरा थांबून त्यांनी विचारले, "नाव काय त्याचं?"

नाव आम्ही विचारले नव्हते. आपल्या कृत्याचा भार दुसऱ्यावर पडतो तेव्हा त्याचे उत्तरदायित्व कुणाकडे, हा पाठ त्याच महिन्यात आम्हांला नीतिशास्त्राच्या तासाला शिकविला होता. परीक्षेत गुणही बरे मिळाले.

ईस्टरनंतर जायचे, त्याला शोधायचे, असे आम्ही मनाशी ठरविले. त्या वर्षी ईस्टर ३ एप्रिलला होते. मग आमच्या गुरुदीक्षेची तयारी, तालमी, निमंत्रणे. आज जाऊ, उद्या जाऊ. १५ एप्रिल १९९४ रोजी शकुंतलेचे वाफेचे इंजिन काढून डिझेल जोडले गेले. आम्ही मूर्तिजापूरला पोहोचलो तो मे महिन्यात. दोघा-तिघांना विचारले, तरुण, गमछावाला, हसरा, एवढ्या खुणांवर माणूस सापडत नाही. बाईचा तर प्रश्नच नव्हता.

बाबांनी छत्तीसांतून एकच चित्र ठेवून घेतले. धुराचे नव्हे. भाऊंचा हात हलून बिघडलेले ते चित्र आम्ही टाकून देणार होतो. त्यात इंजिनाची अर्धी बाजू, आत भट्टीचा लाल ठिपका, आणि फावड्याच्या दांड्यावर एक हात, चेहरा नाही. त्याच्या पाठीवर बाबांनी लेकीकडून लिहून घेतले: 'मूर्तिजापूर-यवतमाळ, मार्च १९९४. फायरमन', आणि पुढे नावापुरती जागा सोडायला सांगितली.

आता त्या मार्गावर गाडी धावत नाही. गांधीबागेजवळून, सेंट्रल अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून मेट्रो जाते. भाऊंचे गुदाम त्यांचा मुलगा पाहतो. बाबा गेले त्या वर्षी लेकीने ते चित्र आमच्या हाती दिले. ते आमच्या प्रार्थनाग्रंथात असते. उपवासकाळाची पाने उलटताना ते पालथे निघते, आणि 'फायरमन' ह्या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे.