चुन्याची घाणी

पूर्णाकांठच्या आमच्या जन्मगांवीं, नाल्याच्या उतारावर, एक दगडी चाक अर्धें मातींत रुतून पडलें आहे. शेजारचा वर्तुळाकार चर बाभळीच्या रोपांनीं भरून गेला आहे. ही गांवची चुन्याची घाणी. लहानपणीं त्या चाकावर बसून आम्हीं बोरें खाल्लीं. परंतु तें कशाचें, हें विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं.

तें सुचलें वाड्याची भिंत ढासळूं लागल्यावर. वडिलांच्या मागें त्यांच्या विटांच्या भिंतीला आम्हीं मोठ्या हौसेनें सिमेंटचा गिलावा दिला. पूर्णेचें खोरें म्हणजे खारपाण पट्टा. जमिनींतील खारट ओल भिंतींत चढावयाचीच. जुना चुना ती बाहेर जाऊं देई. सिमेंटनें तिची वाट अडविली. चार पावसाळ्यांत पोपडे सुटले व आंतल्या विटांचा भुगा झाला. यांत दोष सिमेंटचा नव्हे, आमच्या अज्ञानाचा.

एका वृद्ध गवंड्यानें तेव्हां आम्हांस घाणीपाशीं नेऊन सारें समजाविलें. काळ्या मातींतील चुनखडीचे खडे वेंचून ते लांकडांच्या थरांबरोबर भट्टींत भाजीत. १०० मण शुद्ध चुनखडीची ५६ मण कळी उरे. बाकीचा वायु होऊन निघून जाई. कळी पाण्यांत विरवून, वाळू व सुरखी मिसळून, बैल जुंपून ती घाणींत मळीत. भिंतीवर बसल्यावर हवेंतून तोच वायु परत घेऊन चुन्याचा हळूहळू पुन्हां दगड बने. "घाणीले घाई चालत नाही, भाऊ," म्हातारा म्हणाला. त्याचा रोख आमच्याकडेच होता!

मन व म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा विटांचा किल्ला १७५७ सालीं पुरा झाला. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालचें. तो किल्ला चुन्याच्याच भरंवशावर उभा राहिला, हें शाळेंत सनावळ्या घोकतांना आमच्या ध्यानींही आलें नव्हतें.

आम्हीं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करविला. कळी परगांवाहून आणावी लागली. ज्यांचीं जुनीं घरें अद्याप उभीं आहेत, त्यांनीं डागडुजीपूर्वीं भिंत कशाची आहे एवढें तरी पाहावें, अशी आमची विनंती आहे. परवां आमच्या नातीनें त्या चाकावर बसून विचारलें, "आजोबा, हें काय?" या खेपेस उत्तर आमच्यापाशीं होतें.