डांबर संपते तेथून

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ कन्हान, मनसर ही गावे मागे टाकत मध्य प्रदेशाच्या सीमेकडे जातो. या चौपदरी रस्त्यावर लहानमोठे प्रत्येक वाहन सारख्याच दिमाखाने धावते. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वारी मात्र चित्र बदलते. शहरातून आलेल्या ऐसपैस, महागड्या गाड्या तेथे सावलीत उभ्या राहतात आणि त्यांतून उतरलेली कुटुंबे एका लहानशा, उघड्या, खडखडणाऱ्या जिप्सीत बसून जंगलात शिरतात. उमरेड-कऱ्हांडला असो वा चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा, वर्षानुवर्षे हेच दृश्य आहे. यामागे वनखात्याचे नियम आहेत, तसेच त्या गाडीचे अंगभूत गुणही आहेत.

मारुती जिप्सी १९८५ साली बाजारात आली, तेव्हा तिचे इंजिन अवघे ९७० सीसीचे होते. पुढे ते १.३ लिटरचे झाले आणि अखेरच्या काळात त्याची शक्ती सुमारे ८० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. आजच्या मध्यम आकाराच्या अनेक मोटारी कागदावर तिच्याहून कितीतरी बलवान आहेत. सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली, तरी जंगलातील तिचे स्थान लगेच कोणी घेतले नाही. २०२३ मध्ये आलेली जिम्नी तिच्याच कुळातील होय.

जिप्सीचे वजन सुमारे एक टन. हलकी गाडी भुसभुशीत मातीत कमी रुतते आणि रुतली तरी चार माणसांच्या जोराने बाहेर निघू शकते. तिचे पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच असते. पुढचा व मागचा भाग चाकांच्या फारसा बाहेर आलेला नसल्याने नाल्यात उतरताना नाक आपटत नाही आणि चढताना शेपूट घासत नाही. मजबूत चेसिस आणि त्याखालचे कमानपाटे प्रवाशांना आराम देत नाहीत, पण खड्ड्यांचे आघात सोसतात. शिवाय ते गावच्या मेकॅनिकलाही दुरुस्त करता येतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा आणि ‘लो’ गियरची जोड आहे. हा गियर टाकला की वेग बराच कमी होतो व चाकांवरील जोर त्याच प्रमाणात वाढतो. दगडगोट्यांच्या चढावर आणि निसरड्या उतारावर हा संथ, दमदार जोरच कामी येतो.

नागपूरच्या व्यापारी कुटुंबांना हा विचार केवळ सहलीपुरता नाही. कोणाची काटोलकडे संत्र्याची बाग असते, कोणाचा गावोगावच्या कापसाशी संबंध असतो, आणि शेवटचे दोन किलोमीटर पांदण रस्त्याचे असतात. उन्हाळ्यात भेगाळणारी विदर्भातील काळी माती पहिल्या दमदार पावसानंतर फुगते व लोण्यासारखी होते. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की उत्तम टायरही गुळगुळीत होतो. पूर्वी याच वाटेने बैलबंडी जात असे. तिचे उंच चाक खड्ड्यात न अडकता वरून जाई, आस जमिनीपासून उंच राही आणि चाल बैलांच्या पावलांची असे. मोठे चाक, उंच पोट, संथ जोर हेच जिप्सीचेही सूत्र आहे.

म्हणूनच वाहन घेताना केवळ त्याचे रूप पाहून भागत नाही. ‘एसयूव्ही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य गाड्यांची फक्त पुढची दोन चाके ओढतात. थारसारखी नाव कमावलेली गाडीही २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारात मिळू लागली; बाहेरून दोन्ही प्रकार जवळपास सारखेच दिसतात. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: चारही चाकांना शक्ती मिळते का, ‘लो’ गियर आहे का, आणि एक चाक अधांतरी फिरू लागले तर जमिनीवरच्या चाकाकडे जोर वळवण्याची सोय आहे का? साध्या डिफरन्शियलमध्ये शक्ती सोप्या वाटेने जाते. अडकलेले चाक स्तब्ध राहते आणि मोकळे चाक गरगरत राहते.

गाडीइतकेच महत्त्व सोबतच्या साहित्याचे आहे, आणि तेथे खर्च तुलनेने थोडा आहे. पहिला पैसा टायरवर खर्च करावा. मऊ मातीत किंवा वाळूत टायरमधील हवा ३०-३२ पौंडांवरून १८-२० वर आणली, तर टायर पसरतो व पकड वाढते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य असल्याने लहान कॉम्प्रेसर व हवा मोजण्याचे यंत्र जवळ हवे. फावडे, जॅकखाली ठेवायला जाड फळी, पंक्चरचे साहित्य, बॅटरी, पिण्याचे पाणी व प्रथमोपचार पेटी हीदेखील चैन नव्हे. टोचनाचा पट्टा गाडीच्या वजनाला पुरेसा मजबूत असावा आणि तो चेसिसला जोडलेल्या हुकातच अडकवावा, बंपरला कधीही नाही. ताणलेला पट्टा तुटला तर तो गोळीसारखा येतो. ओढकाम चालू असताना मुलांना व बघ्यांना दूर उभे करावे.

नाल्यातील पाण्याबाबत तर धाडस दाखवूच नये. शांत पाण्याची खोली काठीने तपासता येते. वाहत्या, गढूळ पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही हे वरून कळत नाही. इंजिनात पाणी शिरले तर मोठे नुकसान होते, आणि गाडी वाहून जाऊ लागली तर प्रश्न पैशाचा राहत नाही. चारही चाकांना मिळणारा जोर पुढे जाण्यास मदत करतो. थांबताना मात्र या गाडीचे ब्रेक इतर कोणत्याही गाडीसारखेच असतात.

पेंच आणि ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन दरवर्षी साधारण जुलै ते सप्टेंबर बंद असते. या वाटांवर रोज फिरणारे अनुभवी चालक आणि त्यांच्या कणखर जिप्सी या काळात तेथे प्रवासी नेत नाहीत. वन्यजीवांना विसावा मिळतो आणि चिखलात चाकांनी उखडल्या जाणाऱ्या वाटाही वाचतात. लाखो रुपये मोजून चार चाकांचा जोर घेणाऱ्या कुटुंबाने हा पाठही सोबत घ्यावा. वाट नाही असे दिसले की परत फिरावे. शेत किंवा बाग दोन दिवसांनी, ऊन पडल्यावरही तेथेच असते.