कोटणीसांच्या सोलापुरात

सोलापूरला आलात की चादरी घ्यालच! पण भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारकही नक्की पाहा. सोलापुरात १९१० साली जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले.

तिथंच काम करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये वारले. कशानं? शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेनं!

आपलंही बोट कापतं की! मग रक्तातल्या रक्तपट्टिका धावत येऊन जखमेला चिकटतात. त्यांच्यावर फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, जणू सोलापूरचा मागच! वर खपली धरते. आत शिरलेले जंतू पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. पू दिसतो ना, त्यात लढून मेलेल्या या पेशीच असतात.

पण कधीकधी जंतू वरचढ ठरतात, रक्तात पसरतात. बेथून यांचं तसंच झालं. तेव्हा तिथं पेनिसिलिन नव्हतं. पुढं त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते आपले कोटणीस! १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेही चीनमध्येच वारले.

तेव्हा खेळताना लागलं, तर जखम लपवू नका. साबण-पाण्यानं धुवा, घरी सांगा. आणि हो, खपली मुळीच ओढू नका. खाली विणकाम चालू असतं!